परसातले छोटे घर : एकाच आवारात तीन पिढ्यांसाठी आखणी

परसदारी छोटे घर बांधण्याचा विषय बहुतेक कुटुंबांत एखाद्या निकडीमुळे निघतो. वडीलधाऱ्यांना आता जिने चढवत नाहीत, मुलाला किंवा मुलीला संसार वेगळा मांडायचा असतो, किंवा दीर्घकाळ शुश्रूषेची गरज असलेली एखादी व्यक्ती घरात असते. निकड खरी असली तरी केवळ तिच्या मापाने घर बांधणे महागात पडते, कारण नीट बांधलेले घर पन्नास-साठ वर्षे सहज टिकते आणि कुटुंबाच्या गरजा मात्र दर आठ-दहा वर्षांनी बदलत जातात. आज आजी-आजोबांसाठी उभारलेल्या घरात उद्या नातवाचा नवा संसार थाटला जातो, आणि पुढे आज मोठ्या घरात राहणारे आईवडीलच तिथे मुक्काम हलवतात. म्हणून या लेखात दोन गोष्टींना अग्रक्रम दिला आहे. दोन घरांमधले अंतर विचारपूर्वक ठरवणे ही पहिली, आणि राहणारे माणूस बदलले तरी भिंती पाडाव्या लागणार नाहीत अशी रचना करणे ही दुसरी. पर्यावरणाचा विचारही यातच येतो, कारण तोडफोड न करता पिढ्यानपिढ्या वापरता येणारे घरच सर्वांत कमी साहित्य खर्ची घालते.

अंतर आधी, आराखडा नंतर

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे स्पष्टपणे द्यावीत. स्वयंपाक एकत्र होणार की वेगळा? दोन्ही घरांच्या किल्ल्या कोणाकडे असणार? दार वाजवल्याशिवाय आत यायचे की नाही? लहान मुले दुपारी कोणत्या घरात असणार, आणि कोणाची झोप किती वाजता मोडली तर चालणार नाही? ही चर्चा अवघडल्यासारखी वाटते, तरीही ती टाळू नये, कारण इथे न बोललेली प्रत्येक गोष्ट पुढे चुकीच्या जागी बसवलेल्या दाराच्या किंवा खिडकीच्या रूपाने समोर येते. ज्यांच्यासाठी घर बांधायचे त्या ज्येष्ठांना बैठकीत केवळ ऐकायला बसवू नये. पहिले बोलणे त्यांचेच असावे.

त्यानंतर जागेवर जाऊन आखणी करावी. चार खुंट्या, सुतळी आणि फक्की एवढे साहित्य पुरते. जमिनीवर घराची बाह्यरेषा पांढऱ्या फक्कीने मारावी, दारे-खिडक्यांच्या जागी विटा ठेवाव्यात आणि आठवडाभर ती आखणी तशीच राहू द्यावी. सकाळी, भर दुपारी आणि सूर्यास्तापूर्वी तिथे उभे राहून पाहावे. मोठ्या घराची सावली कुठपर्यंत येते, शेजारच्या खिडकीतून थेट काय दिसते, पाण्याच्या पंपाचा आवाज किती येतो, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, या गोष्टी कागदावर कधीच पुरत्या उमगत नाहीत. मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात एकाला उभे करावे आणि दुसऱ्याने फक्कीच्या रेषेवरच्या नियोजित खिडकीत उभे राहावे. दोघांची थेट नजरानजर होत असेल तर एक खिडकी बाजूला सरकवावी किंवा तिचा तळ साडेपाच फुटांवर घ्यावा. दोन्ही घरांची मुख्य दारे एकमेकांना दिसावीत, पण समोरासमोर उघडू नयेत. दिवा लागला की नाही हे कळावे आणि घरात कोण आले ते मात्र कळू नये, हे त्या रचनेचे सूत्र आहे.

दोन घरांमधला रस्ता ही माझ्या मते या संपूर्ण वास्तूतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे, आणि नेमकी तीच बहुतेक आराखड्यांत मोकळी सोडलेली असते. या वाटेची रुंदी किमान चार फूट असावी, म्हणजे चाकाच्या खुर्चीशेजारून दुसरे माणूस चालू शकते आणि वेळप्रसंगी स्ट्रेचरही नेता येते. वाटेवर छप्पर असावे, फरशी खरखरीत असावी, एकही पायरी नसावी आणि दिवा दोन्ही टोकांकडून लावता-विझवता यावा. हीच वाट पुढे रस्त्यापर्यंत कशी जाते तेही तपासावे, कारण रुग्णवाहिकेतून उतरलेल्या माणसाला परसातले घर शोधायला वेळ लागता कामा नये. वाटेच्या मध्यावर, दोन्ही घरांपासून थोडे दूर, बसायला एक रुंद कट्टा ठेवला तर कोणाच्याही घरात न शिरता भेटता येते. नातवंडे आणि आजी-आजोबा यांच्या भेटी बहुधा तिथेच अधिक होतात, असा माझा अनुभव आहे.

परवानगी आणि मालकी

एका भूखंडावर दुसरे राहते घर बांधण्यासंबंधीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. कॅनडातील व्हँकूव्हर शहराने २००९ मध्ये मागच्या गल्लीकडे तोंड असलेल्या छोट्या घरांना परवानगी दिली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी परसातल्या घरांवरचे स्थानिक अडथळे बरेच कमी केले. आपल्या जागेपुरते मात्र स्थानिक प्राधिकरणाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: सीमेपासून सोडायचे अंतर, एकूण अनुज्ञेय बांधकाम, सांडपाण्याच्या जोडणीची अट, आणि ते घर स्वतंत्रपणे भाड्याने देता येईल की नाही. यातली शेवटची बाब आज बिनमहत्त्वाची वाटली तरी वीस वर्षांनी तीच कळीची ठरू शकते.

मालकीविषयीही आधीच लिहून ठेवावे. जमीन एकाची, बांधकामाचा खर्च दुसऱ्याचा आणि राहणारा तिसराच, अशी स्थिती परसातल्या घरांत नेहमी उद्भवते. कोणाचे पैसे किती गेले, राहण्याचा हक्क कोणाला आणि किती काळ, आणि जमीन विकायची वेळ आली तर काय करायचे, याचा कागद वकिलाकडून करून घ्यावा. आपलेपणा आहे म्हणून कागद नको, असे म्हणणाऱ्या कुटुंबांनाच त्या कागदाची गरज अधिक असते.

मापे

छोटे घर म्हणजे प्रत्येक खोली लहान केलेले मोठे घर नव्हे. काही जागा कमी करता येतात आणि काही अजिबात करता येत नाहीत, हे ओळखणे हेच इथले कौशल्य आहे. उदाहरणादाखल बाहेरून २० × २२ फूट, म्हणजे ४४० चौ. फूट बांधकामाचे घर घेऊ. नऊ इंची बाह्य भिंती वजा केल्या की आत सुमारे ३८० चौ. फूट उरतात. त्यात ११ × ११ फुटांची झोपण्याची खोली, तिला लागून ७ × ७ फुटांचे शौचालयासह न्हाणीघर, ७ × ४ फुटांचा मधला भाग आणि घराच्या संपूर्ण रुंदीची, सुमारे १८ × ९ फुटांची बैठक व स्वयंपाकघर एवढे व्यवस्थित बसते. मधला भाग वाया जात नाही. तिथे कपडे धुण्याचे यंत्र आणि कपाट राहते, आणि आलेल्या माणसाला झोपण्याच्या खोलीतून न जाता न्हाणीघरात जाता येते. न्हाणीघराला झोपण्याच्या खोलीकडूनही दुसरे, सरकते दार द्यावे. एवढ्या लहान घरात एका न्हाणीघराला दोन दारे ही उधळपट्टी वाटेल, परंतु पुढे घरात दोन अनोळखी माणसे, उदाहरणार्थ वृद्ध आणि शुश्रूषक, एकत्र राहू लागली की त्या दुसऱ्या दाराची किंमत कळते.

जिथे कमी करायचे नाही त्या जागा अशा. प्रत्येक दारातून प्रत्यक्ष जाण्यायेण्याची मोकळी रुंदी ३२ इंचांपेक्षा कमी नसावी. त्यासाठी चौकट साधारण तीन फुटांची लागते. चाकाची खुर्ची पूर्ण वळवायला पाच फूट व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते, आणि असे वर्तुळ बैठकीत, झोपण्याच्या खोलीत व न्हाणीघरात प्रत्येकी एकदा बसले पाहिजे. पलंगाच्या निदान एका बाजूला तीन फूट जागा हवी, कारण उठवणाऱ्याला तिथे उभे राहायचे असते. उलट, मार्गिका पूर्णपणे वगळता येतात, जेवणाचे टेबल भिंतीला घडी घालून बसवता येते आणि कपाटे छतापर्यंत नेता येतात; मात्र रोज लागणाऱ्या वस्तू दीड ते साडेचार फुटांच्या पट्ट्यातच ठेवता येतील याची काळजी घ्यावी.

जोत्याच्या उंचीचा प्रश्न नीट सोडवावा लागतो. पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच हवे आणि पाय अडखळू नये म्हणून ते खाली हवे, अशी ही ओढाताण असते. उताराचे सर्वमान्य प्रमाण १ : १२ आहे, म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी. जोते दीड फूट असेल तर उतार १८ फूट लांब होतो आणि तो ऐनवेळी दारासमोर चिकटवला तर निम्मे अंगण गिळतो. याउलट आखणीच्या वेळीच दोन घरांमधली वाट हळूहळू चढत नेली तर वेगळ्या उताराची गरजच उरत नाही; वाटच उतार होते आणि तो डोळ्यांना जाणवतही नाही. जिथे पुराचा किंवा जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याचा धोका आहे तिथे जोते कमी करण्याचा मोह टाळावा आणि वाट अधिक लांबवावी. दाराचा उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नसावा, आणि तो तेवढा ठेवण्यासाठी दारावर खोल छज्जा व बाहेर जाळीची पन्हाळ लागतेच.

रात्री दोन वाजताचे न्हाणीघर

ज्येष्ठांच्या घरातील पडझडीच्या दुखापती बऱ्याचदा पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या दहा-पंधरा पावलांत होतात, म्हणून हा प्रवास आराखड्यावर बोट फिरवून पावला-पावलाने तपासावा. माणूस अंधारात जागा होतो, पलंगाच्या कडेला बसतो. पलंगाची उंची दीड फुटाच्या आसपास असेल तर त्याचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात. दिव्याचे बटण पलंगावरून हात लांबवून सापडले पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे पाय खाली टेकताच जमिनीलगतचा मंद पिवळसर दिवा आपोआप लागला पाहिजे. वयाच्या साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच उरतो, त्यामुळे तरुण माणसाला पुरेसा वाटणारा दिवा इथे अपुरा ठरतो. त्याच वेळी उघड्या दिव्याची तिरीप वृद्ध डोळ्यांना अधिक सलते, म्हणून दिवे जास्त, पण झाकलेले असावेत.

पलंगावरून शौचकूप सरळ दिसावा, इतकी सरळ रेषा साधता आली तर उत्तम. दार सरकते असावे किंवा बाहेर उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दारामागे कोणी पडले तर मदतीला आलेल्याला दार ढकलताच येत नाही; त्याच कारणासाठी कडी बाहेरूनही उघडता येणारी हवी. शौचकुपाच्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच असावी, आणि भिंतीवर आधारदांडे ३३ ते ३६ इंचांच्या उंचीवर बसवावेत. आज कोणाला दांड्यांची गरज नसली तरी भिंत आजच तयार ठेवावी: पोकळ विटांची भिंत असेल तर त्या पट्ट्यात काँक्रीट भरून घ्यावे, हलकी भिंत असेल तर आतून जाड फळी द्यावी. अर्ध्या विटेच्या भिंतीत नुसत्या खिळ्याच्या बळावर बसवलेला दांडा घसरत्या माणसाचा भार पेलत नाही, आणि असा दांडा नसलेला बरा.

आंघोळीची जागा बाकीच्या फरशीशी सलग असावी, कठडा नसावा. पाण्याचा उतार फक्त त्या चार फुटांच्या भागात १ : ५० या प्रमाणात द्यावा, म्हणजे चार फुटांत जेमतेम एक इंच पडतो आणि खुर्ची किंवा पाय अडखळत नाही. फरशी मॅट असावी आणि भिंतीपेक्षा तिचा रंग स्पष्टपणे वेगळा असावा. पांढऱ्या फरशीवर पांढरा शौचकूप मंद दृष्टीच्या माणसाला नीट दिसतच नाही. गरम पाण्याबाबत एक तांत्रिक बारकावा सांगणे आवश्यक आहे. साठवणीच्या टाकीत पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते, कारण त्याहून कोमट पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियासारखा आजार देणारे जिवाणू वाढू शकतात. पण तेच पाणी थेट अंगावर आले तर म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची कातडी काही क्षणांत भाजते. म्हणून नळाशी गार पाणी मिसळून तापमान ४५ अंशांच्या आत ठेवणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवावा.

ऊन, वारा आणि छप्पर

छोट्या घराचे क्षेत्रफळ कमी असल्यामुळे त्याला ऊर्जा कमी लागते, हे अर्धेच खरे आहे. जागेच्या मानाने त्याच्या भिंती आणि छप्पर जास्त असतात, त्यामुळे ते लवकर तापते आणि लवकर निवतेही. वृद्ध शरीराला तापमानातले असे चढउतार सोसत नाहीत, म्हणून छोट्या घरात उष्णतारोधनावर केलेला खर्च मोठ्या घरातल्यापेक्षा अधिक सार्थकी लागतो.

उष्ण हवामानात सर्वाधिक ताप छपरातून येतो. स्लॅब असेल तर रोधक थर स्लॅबच्या वरच्या बाजूला द्यावा आणि त्यावर पांढरा, ऊन परतवणारा लेप किंवा फरशी घालावी; थर आतून दिला तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर तसाच धगधगत राहतो आणि त्याला तडे जाण्याची शक्यताही वाढते. उतरते छप्पर असेल तर पत्र्याच्या किंवा कौलांच्या खाली हवा खेळती राहील एवढी पोकळी ठेवून मगच छत करावे. थंड प्रदेशात भर वेगळ्या गोष्टीवर द्यावा लागतो: भिंती व छपराचा रोधक थर अखंड असावा, खिडक्यांना दुहेरी काच असावी, फटी बुजवलेल्या असाव्यात आणि त्याच वेळी ताजी हवा येण्याची नियोजित सोय असावी, नाहीतर आतल्या दमटपणामुळे भिंतींवर बुरशी चढते.

खिडक्यांचे गणित सूर्याच्या मार्गाने ठरते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडील आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडील भिंतीवर उन्हाळ्यातला सूर्य उंच असतो, त्यामुळे दोन-अडीच फुटांचा छज्जा तिथले ऊन अडवतो आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येऊ देतो. पश्चिमेकडे मात्र छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण दुपारचा सूर्य खाली उतरून सरळ खिडकीत येतो. तिथे खिडक्या लहान ठेवाव्यात, बाहेरून झडपा द्याव्यात किंवा पानगळीचे झाड लावावे. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. आतला पडदा प्रकाश थांबवतो, उष्णता मात्र तोवर घरात आलेली असते.

वाऱ्यासाठी प्रत्येक राहत्या खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत उघडी जागा हवी. एकाच बाजूने खिडकी असेल तर हवा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट खोलीपर्यंतच खेळते, आणि समोरासमोर असेल तर सुमारे पाचपट. वाऱ्याच्या दिशेची खिडकी बसलेल्या माणसाच्या उंचीवर आणि समोरची छताजवळ ठेवली तर गरम हवा आपसूक बाहेर पडते. पलंगाजवळच्या निदान एका खिडकीचा तळ मात्र अडीच फुटांपेक्षा वर नेऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आकाश आणि अंगण दिसणे ही चैन नाही, ती गरज आहे. झोपण्याच्या खोलीची एक खिडकी आगीच्या वेळी बाहेर पडता येईल एवढी पूर्ण उघडणारी असावी.

भिंती कशाच्या बांधाव्यात

जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंटच्या उत्पादनातून येतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटणाऱ्या वायूचा असतो. त्यामुळे इंधन बदलून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही; सिमेंट कमी वापरणे हाच खात्रीचा मार्ग आहे. छोट्या एकमजली घरात ते सहज शक्य असते. जमीन कणखर असेल आणि भूकंपाचा धोका मोठा नसेल तर आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, खांब-तुळयांचा सांगाडा उभारण्याऐवजी भारवाहक भिंती पुरतात. भूकंपप्रवण क्षेत्रात अशा भिंतींना जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे द्यावे लागतात आणि ते काम संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे. कोळशाची राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) मिसळलेले सिमेंट चालते, फक्त त्याला पाणी मारण्याचा काळ थोडा अधिक द्यावा लागतो आणि घाईच्या कामात नेमके तेच टाळले जाते.

विटा वापरायच्या असतील तर रॅट-ट्रॅप पद्धतीच्या रचनेचा विचार करावा. या रचनेत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या मधोमध पोकळी राहते, जवळपास एक-चतुर्थांश विटा वाचतात आणि ती पोकळीच उष्णता अडवते. मात्र गवंडी सवयीचा नसेल तर आधी चार फुटांची नमुन्याची भिंत बांधून घ्यावी.

जागेवरचीच माती वापरता आली तर वाहतुकीचा भारही टळतो. १९५० च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ यांनी हाताने चालणारे सिन्वा-रॅम हे यंत्र तयार केले आणि दाबून केलेल्या मातीच्या विटांना नवी वाट मिळाली. अशा विटेत ५ ते १० टक्के सिमेंट मिसळतात आणि ती भट्टीत भाजावी लागत नाही. महिनाभर ओलसर ठेवून मुरवावी लागते. माती योग्य आहे की नाही याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. वरची सुपीक माती बाजूला काढून खालची माती पारदर्शक बरणीत एक-तृतीयांश भरावी, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर गाळाचा थर तासा-दोन तासांत आणि सर्वांत वर चिकणमातीचा थर दिवसभरात दिसू लागतो. चिकणमातीचा थर फार जाड असेल तर विटा वाळताना भेगाळतात आणि वाळू मिसळावी लागते. प्रयोगशाळेतली तपासणी त्यानंतर करावीच.

मातीच्या किंवा कोणत्याही भिंतीचे आयुष्य तिच्या पायाशी आणि माथ्याशी ठरते. जोत्यावर ओलावा रोखणारा थर आणि वर भिंतीच्या बाहेर दोन फूट आलेले छप्पर या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

आवारात मोठे झाड असेल तर घर त्याच्या विस्ताराबाहेर सरकवावे. झाडाची बहुतांश मुळे वरच्या दोन फूट मातीतच पसरलेली असतात, त्यामुळे सलग चर खणला की झाडाची हानी होते. सरकवणे शक्यच नसेल तर तेवढ्या भागात सुटे पाये घेऊन वरून तुळई टाकावी. चाळीस वर्षांच्या झाडाची सावली कोणत्याही खर्चाने पुन्हा विकत घेता येत नाही.

पाणी, सांडपाणी आणि वीज

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपल्या ४४० चौ. फुटांच्या, म्हणजे सुमारे ४१ चौ. मीटरच्या घरावर १० मिलिमीटरची एक सर कोसळली तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सव्वातीनशे लिटर हाती येतात. पहिल्या सरींचे धुळकट पाणी बाजूला काढणारी नळी आणि जाळी बसवून हे पाणी टाकीत घ्यावे. टाकी कोरड्या महिन्यांच्या हिशेबाने ठरवावी आणि ती उत्तम पाया घालून जमिनीवरच ठेवावी, कारण भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचे वजन एक टन असते.

सांडपाण्यात सर्वाधिक चुका होतात. मोठ्या घराची जुनी सेप्टिक टाकी जेवढ्या माणसांसाठी होती त्यात चार माणसे वाढली की मैला नीट कुजण्याआधीच पुढे ढकलला जातो आणि शोषखड्डा तुंबतो. म्हणून टाकीची क्षमता नव्या एकूण संख्येने पुन्हा मोजून घ्यावी. चार इंची मैलानळाला १ : ४० च्या आसपास उतार लागतो. परसातले घर मुख्य चेंबरपासून ८० फुटांवर असेल तर नळ दोन फूट खाली उतरतो, आणि जुने चेंबर तेवढे खोल आहे की नाही हे जोते ठरवण्यापूर्वीच मोजावे. न्हाणीचे आणि कपड्यांचे पाणी वेगळ्या नळाने काढून कर्दळीसारख्या पाणथळ वनस्पतींच्या खडीच्या वाफ्यातून बागेला देता येते, परंतु ते एका दिवसापेक्षा अधिक साठवू नये, त्याला दुर्गंधी सुटते.

विजेसाठी मुख्य घरातून वायर ओढून काम भागवू नये. स्वतंत्र वितरण-पेटी, स्वतंत्र उपमीटर, योग्य आर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची वीजगळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे सुरक्षा-बटण या गोष्टी अनिवार्य समजाव्यात. उपमीटरमुळे वीजखर्चावरून होणारी कुरबुर सुरूच होत नाही. बटणे तीन ते चार फुटांवर आणि प्लग दीड फुटावर घ्यावेत, म्हणजे वाकावे लागत नाही. सौर पॅनेल आज बसवायचे नसले तरी छपराचा विषुववृत्ताकडे उतरणारा एक सलग भाग पाण्याची टाकी आणि नळ्यांपासून मोकळा ठेवावा आणि तिथपर्यंत रिकामी नळी टाकून ठेवावी. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण ६० ते १०० चौ. फूट जागा लागते. दोन्ही घरांमध्ये वाजणारी एक साधी तारेची घंटा, पलंगाशी आणि न्हाणीघरात जमिनीपासून एक फुटावर बटण देऊन, अवश्य बसवावी. पडलेल्या माणसाचा हात तेवढ्याच उंचीपर्यंत पोहोचतो.

पुढच्या राहणाऱ्यासाठी

छपराचा भार शक्यतो बाह्य भिंतींवर घ्यावा आणि आतल्या भिंती भाररहित ठेवाव्यात. झोपण्याची खोली आणि बैठक यांमधली भिंत उद्या काढली तर एकट्या तरुणाला एक प्रशस्त खोली मिळते, आणि आहे तशी ठेवली तर जोडप्याला एकांत मिळतो. घर ज्या बाजूने वाढण्याची शक्यता आहे त्या बाह्य भिंतीत, खिडकी नसली तरी, दाराच्या उंचीवर लिंटेल आताच टाकून ठेवावा. पुढे त्याखालच्या विटा काढल्या की दार तयार होते. माळ्याची किंवा दुसऱ्या मजल्याची इच्छा असेल तर पाया त्या हिशेबाने आजच घ्यावा, कारण पाया नंतर सहजासहजी वाढवता येत नाही. ओट्याचा एक भाग ३४ इंचांवर आणि एक भाग ३० इंचांवर, खाली गुडघे जातील असा मोकळा ठेवला तर बसून काम करणाऱ्यालाही स्वयंपाक करता येतो आणि नातवंडांनाही तिथे अभ्यासाला जागा होते.

गिलावा करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी उभी धरून छायाचित्रे काढावीत. नळ्या, तारा, आधारदांड्यांसाठी भरलेले काँक्रीटचे पट्टे आणि भविष्यातल्या दाराचा लिंटेल कुठे आहे हे नंतर कोणालाही आठवत नाही, आणि गवंडी तर तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. ही छायाचित्रे, सांडपाण्याच्या चेंबरांची खोली दाखवणारा नकाशा, मंजूर आराखडा आणि मालकीचा कागद यांच्या दोन प्रती कराव्यात, एक मोठ्या घरात ठेवावी आणि दुसरी परसातल्या घराच्या वितरण-पेटीशेजारच्या कपाटात.